घरचा संगणक कोणासाठी अपग्रेड करायचा?

सुट्टीहून परत आलो की आपल्या हाउसमध्ये पहिले दोन दिवस एकच विषय असतो. कोणी कुठलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, कोणाचा गेम किती एफपीएसवर चालतो. (पालकांसाठी सांगतो: एफपीएस म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा. आमच्यात तो पीटीच्या टायमिंगइतकाच गंभीरपणे घेतला जातो.) या गप्पांत मी कधी मागे नसतो आणि मला गेम आवडतात हे लपवतही नाही. पण जुना गेमिंग संगणक थोड्या पैशांत अपग्रेड कसा करावा याबद्दल माझं मत गेल्या वर्षभरात पार बदललं आहे. ते ३,४०० रुपये घालवून बदललं, म्हणून इथे लिहितो.

माझं म्हणणं असं. आपण बोर्डिंगची मुलं वर्षातून साधारण अडीच महिने घरी असतो. उरलेले साडेनऊ महिने त्या संगणकासमोर दुसरंच कोणीतरी बसतं. आणि अपग्रेडचे पैसे मात्र आपण सुट्टीतल्या स्वतःकडे बघून खर्च करतो. हे चूक आहे.

आमचं घर कोवलमला आहे. केरळातलं प्रसिद्ध कोवलम नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडवरचं मच्छीमारांचं गाव. इतिहासाच्या सरांना माहीत असेल, १७५२ साली रॉबर्ट क्लाईव्हने नवख्या, कच्च्या रंगरुटांना घेऊन इथला किल्ला फ्रेंचांकडून घेतला होता. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. भाड्याच्या दोन खोल्या आणि समोर चार मिनिटांवर समुद्र. पाहुण्यांना हे फार आवडतं. संगणकाला मात्र समुद्राचं काय वाटतं, ते पुढे सांगतो.

संगणक आतेभावाने २०१३ साली पुण्यात जोडून घेतला होता, खास गेमसाठी. आय-५ ३४७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स ६५० हे कार्ड आणि पुढे लाल दिव्याचा पंखा. नोकरी लागल्यावर दादाने लॅपटॉप घेतला आणि २०२३ मध्ये हा आमच्याकडे आला. बाबांनी तो गादीत गुंडाळून रेल्वेने आणला.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे १०,००० रुपये जमले होते. आजीचे, बक्षिसाचे, वाढदिवसाचे. त्यातून जुनं का होईना, पण जीटीएक्स १०५० टीआय घ्यायचं असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. हे कार्ड २०१६ सालचं. त्याची मेमरी ४ जीबी असते, आणि ते जास्तीत जास्त ७५ वॅट घेतं. तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते, वेगळी वायर लागत नाही. जुन्या संगणकासाठी सगळे हेच कार्ड सुचवतात आणि त्यात चुकीचं काही नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, तसा चेन्नईचा रिची स्ट्रीट. अण्णा सलाईला लागून असलेली ही गल्ली इतकी अरुंद की दुकानातली माणसं हात लांब करून समोरच्या दुकानातून स्क्रूड्रायव्हर मागून घेतात. बाबा तमिळमध्ये भाव करत होते, मी हिंदीत अडखळत होतो. "तंबी, चेक पण्णीट्टेन," दुकानदार म्हणाला, म्हणजे तपासून झालंय. ४,२०० रुपयांना कार्ड, पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, आणि आमचं जुनं जीटीएक्स ६५० त्याने ८०० रुपयांना एक्स्चेंजमध्ये घेतलं. जुनं कार्ड देऊन टाकणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. नवीन वस्तू महिनाभर नीट चालल्याशिवाय जुनी हातची सोडू नये.

पाच-सहा दिवस मी पोटभर खेळलो. मग सुट्टी संपली आणि मी गाडीत बसलो.

तिकडचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. त्या वर्षी फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्या गल्लीत दीड दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर बहिणीने संगणक चालू केला, तर पंखे फिरले पण पडदा काळा. वॉरंटी संपून गेली होती. कार्ड आधीच आजारी होतं, की वीज येता-जाताना झटका बसला, की आतला एसएमपीएस खराब होता, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. त्यामुळे दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही.

मला हे कळलं रविवारच्या फोनवर. दहा मिनिटं वेळ, मागे रांगेत सहा जण. बहीण तेव्हा सातवीत होती, तिचा प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यात द्यायचा होता. मी एका दमात सांगितलं: प्लग काढ, मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धर, पत्र्याला हात लाव, मागचा स्क्रू काढ, स्लॉटच्या टोकाची छोटी कडी दाब, कार्ड सरळ वर ओढ, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या वरच्या भोकात लाव. आय-५ ३४७० च्या पोटातच साधं ग्राफिक्स असतं, त्यामुळे कार्डाशिवाय पडदा दिसायला हवा होता.

"दादा, स्क्रूच निघत नाहीये. सगळा गंजलाय," ती म्हणाली. तेवढ्यात वेळ संपली.

पुढच्या रविवारपर्यंत काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. त्या आठवड्यात प्रेपमध्ये माझं लक्ष किती होतं ते वर्गशिक्षकांना माहीत आहे.

पुढच्या रविवारी ती अगदी शांतपणे म्हणाली, "मंगळवारीच चालू झाला." बाबांनी स्क्रूवर मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी तिने काढला. प्रोजेक्ट तिने त्याआधीच शेजारच्या अण्णाच्या लॅपटॉपवर केला होता. तमिळनाडू सरकारने २०११ पासून बारावीच्या मुलांना मोफत लॅपटॉप दिले, त्यातला तो एक. बॅटरी केव्हाच मेलेली, सतत प्लगला लावून ठेवावा लागतो, पण घरातली तीन माणसं त्यावर काम करतात. हाउसमध्ये असा लॅपटॉप कोणी दाखवला असता तर मीच हसलो असतो.

मग ती म्हणाली, "आता नीट आहे. फक्त चालू व्हायला चार मिनिटं लागतात. पण ती आधीही लागायचीच."

आधीही? मला ते कधी जाणवलंच नव्हतं. कारण सुट्टीत मी संगणक सकाळी चालू करतो तो रात्रीच बंद करतो. ती शाळेतून आल्यावर अर्ध्या तासासाठी बसते. त्यातली चार मिनिटं लाल पंख्याकडे बघण्यात, आणि नंतर प्रत्येक फाइल उघडताना पुन्हा वाट बघणं. मी ४,२०० रुपये खर्च करून तिचा एकही सेकंद वाचवला नव्हता. कार्ड ठणठणीत राहिलं असतं तरी वाचला नसता. म्हणून ‘तुझं नशीब खराब होतं, कार्ड बरोबरच निवडलं होतंस’ असं मित्र म्हणतात तेव्हा मला पटत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात घरी गेल्यावर पहिले दोन दिवस मी काहीच विकत घेतलं नाही. फक्त बहिणीच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवला. ही गोष्ट फुकट आहे आणि प्रत्येकाने करावी. तिने ब्राउझर उघडला की डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच बसायचा, रॅम भरलेली, आणि प्रोसेसर मात्र १५-२० टक्क्यांवर आरामात. म्हणजे २०१३ चा प्रोसेसर म्हातारा झाला म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तो बिचारा तयारच होता. त्याच्यापर्यंत माल पोहोचत नव्हता.

असं का होतं याचं गणित आपल्याला येतं. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि डोकं योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. एक बारीकसा तुकडा वाचायला १२-१३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ८० तुकडे. विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा भागात होतं. आमच्या एच६१ मदरबोर्डला साटाचा जुना, कमी वेगाचाच पोर्ट आहे, त्यामुळे एसएसडीचा पाकिटावर छापलेला वेग मिळत नाही. तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो, कारण खरा वेळ खातं ते हे शोधणं.

दुसरी गोष्ट एसएमपीएस, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा डबा. त्याबद्दल हाउसमध्ये कोणी कधी बोलत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत मात्र १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. प्रोसेसरचे ७७, कार्डाचे ७५, मग पंखे आणि डिस्क, आणि डबा स्वतः बारा वर्षांचा. हा गुणाकार मी कार्ड घेण्याआधी करायला हवा होता. फिजिक्सच्या पेपरात मी तो न चुकता करतो.

आता समुद्र. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळू लागतं आणि कोवलमला हा आकडा पुष्कळदा ओलांडला जातो. संगणकाचा पंखा ही हवा दिवसभर आत ओढतो, धूळ आणि मीठ मिळून आत एक चिकट थर बसतो, त्याला गंज धरतो. गावातले मच्छीमार समुद्रातून आले की बोटीचं इंजिन गोड्या पाण्याने धुतात. संगणकाला पाणी चालत नाही, म्हणून बहिणीने आणि मी रंगाचा मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एक अख्खी दुपार घालवली. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर साधं खोडरबर फिरवलं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती नवीन लावल्यावर पंख्याचा आवाज निम्मा झाला. सगळ्या अपग्रेडमध्ये सर्वांत स्वस्त हेच आणि माझ्या मते पहिलं हेच करावं.

मग पुन्हा रिची स्ट्रीट. २४० जीबीची एसएसडी १,६०० रुपये. ८ जीबीची वापरलेली रॅम ८००. (इथे जपून राहा. काही स्वस्त डीडीआर-३ पट्ट्या फक्त एएमडीच्या मदरबोर्डवर चालतात, विचारून आणि लावून बघूनच घ्या.) चांगला एसएमपीएस २,३००, त्याच्यावर १२ व्होल्टला ३४ अँपिअर. पेस्ट, बटण-सेल, ब्रश वगैरे ३५०. एकूण ५,०५०. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि फायलींसाठी तशीच ठेवली. उरलेले १,५५० आईकडे दिले. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. दुकानात ते समोरच टांगलेलं होतं आणि मी दोनदा मागे वळून बघितलं, हेही सांगून टाकतो.

संगणक आता २५ सेकंदांत चालू होतो. पहिल्यांदा झाला तेव्हा बहिणीला वाटलं, काहीतरी बिघडलं.

काही जण विचारतील, मग सरळ नवाच का घेऊ नये? बाबांचा पगार मला माहीत आहे, म्हणून आमच्याकडे हा प्रश्न निघत नाही. पण जुन्याला हद्द असते हेही खरं. गेल्या सप्टेंबरमध्ये, २६ तारखेला, चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ मध्ये वायुदलात आलेलं विमान. पुढे त्यातल्या सव्वाशे विमानांचं बायसन केलं, नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं, वैमानिकाच्या हेल्मेटमध्येच नेम धरायची सोय. त्यामुळे ते आणखी बरीच वर्षं उडालं. पण सांगाडा तोच, इंजिन एकच, इंधनाची टाकी तेवढीच. आमच्या संगणकाचा सांगाडा म्हणजे मदरबोर्ड. त्याच्या सॉकेटमध्ये इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. त्यापुढे जायचं तर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदला, म्हणजे नवा संगणकच झाला. विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून आम्ही एसएसडीवर लिनक्स मिंटही टाकलं आहे, ते फुकट मिळतं. बहिणीला त्यातलं सगळं आता माझ्यापेक्षा जास्त येतं. मला सुट्टीत तिला विचारावं लागतं.

म्हणून मी म्हणतो, जिथे सांगाड्याचीच वर्षं मोजलेली आहेत, तिथे पुढच्या संगणकातही नेता येतील अशाच गोष्टींवर पैसे घाला. एसएसडी आणि चांगला एसएमपीएस पुढेही कामाला येतील. ग्राफिक्स कार्डही येईल, हे मान्य. पण ते शेवटी.

गेमचं काय? एज ऑफ एम्पायर्स २ चालतो, काउंटर-स्ट्राइक १.६ चालतो, व्हाइस सिटी चालतो. हे सगळे आपल्या जन्माआधीचे गेम आहेत. मोठे नवे गेम चालत नाहीत. हाउसमधल्या गप्पांत सांगायला माझ्याकडे आता आकडाच नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

पालकांना एक विनंती. ‘गेमिंगचा संगणक’ म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. पण आतल्या बारीक अक्षरांतलं लेबल मी वाचलं ते गेमच्या नादानेच. आणि शिक्षकांना एक विनंती. हॉबीच्या तासाला एखादा निकामी ठरलेला संगणक आम्हाला उघडू द्या. मेलेलं १०५० टीआय माझ्या लॉकरमध्ये आहे. ते ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण’ ठरतं का, यावर हाउस मास्टरांशी दहा मिनिटं चर्चा झाली आणि शेवटी ‘चालत नसेल तर ठेव’ असा निर्णय मिळाला. ज्यांना कार्ड आतून कसं दिसतं ते बघायचं असेल, त्यांनी रविवारी यावं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईकडचे १,५५० आणि त्यानंतर साठलेले धरून ३,००० रुपये झाले होते. या वेळी मी आधी काही ठरवलं नव्हतं. बहिणीला विचारलं. तिने वहीच्या मागच्या पानावरची यादीच दाखवली. पहिलं होतं यूपीएस, कारण पावसात वीज जाते. ते आम्ही २,६०० ला आणलं. दुसरं स्पीकर. तिसरं बसायला नीट खुर्ची, कारण सध्याची तिला उंच होते. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलने: दादाचं कार्ड, पैसे उरले तर.